दोन वर्षं जेल की पाच वर्षं प्रोबेशन?

पत्र थोडक्यात असं: ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलगी अकरा वर्षांची, दोघंही आयटीत, दोघांकडे ग्रीन कार्ड. मार्चमध्ये नवऱ्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. हे तिसऱ्यांदा. पहिलं २०११ मध्ये, शिकत असताना दुसऱ्या स्टेटमध्ये, दुसरं २०१८ मध्ये टेक्सासमध्येच. या वेळी गाडीत झानॅक्स या चिंतेवरच्या, सवय लागणाऱ्या औषधाच्या सहा गोळ्याही सापडल्या, प्रिस्क्रिप्शन नाही. सरकारी वकिलाने दोन पर्याय दिलेत: एक तर दोन वर्षं तुरुंग, नाहीतर पाच वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर पण कोर्टाच्या देखरेखीखाली, आणि त्यात आधी सहा महिने कुलूपबंद उपचार केंद्र. गोळ्यांच्या केसमध्ये 'डिफर्ड' घेऊन टाका, रेकॉर्डवर राहणार नाही, असं त्यांचा वकील म्हणतोय. नवरा म्हणतो तुरुंगच बरा, लवकर सुटेन, पाच वर्षं कपात लघवी करून कोण दाखवणार. सासूबाई पुण्याहून सांगतायत की कोणाला कळू देऊ नका, मोठा वकील करा आणि डिसेंबरात सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला त्याला इकडे घेऊन या, देवासमोर शपथ घालू, सुटेल. मित्र म्हणतात टेक्सासमध्ये कायद्यात रिफॉर्म झालाय, थांबा. ताई विचारतात, "कोणाला मारलं नाही हो त्यांनी, मग एवढी शिक्षा कशाला? आणि मी नेमकी कोणाच्या बाजूने उभी राहू?"

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. वकील, फी, नोकरी सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की गॅरेजचं दार वर जायला लागलं की आवाजावरूनच मला कळतं आज कसे आलेत, आणि हल्ली मुलीलाही कळतं, ती टीव्ही बंद करून वर निघून जाते. मला खरं तर तिथूनच सुरुवात करायची होती पण आधी कायद्याचं बोलते, कारण तिथे कोर्टाची तारीख आहे आणि एक खड्डा आहे जो तुम्हाला अजून कोणी दाखवलेला दिसत नाही.

मी वकील नाही. बरीच वर्षं टेक्सासमध्ये राहतेय आणि आपल्या लोकांसोबत कोर्टात जाऊन बसलेय, त्यातून जे कळलं ते सांगते.

तुम्ही घरातले सगळे 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा, या शब्दाला घाबरलायत आणि गोळ्यांची केस म्हणजे किरकोळ, उरकून टाकू, असं धरून चाललायत. टेक्सासच्या कायद्यापुरतं ते बरोबरच आहे, तिसरी डीडब्ल्यूआय, म्हणजे नशेत गाडी चालवण्याची केस, ही थर्ड डिग्री फेलनी, दोन ते दहा वर्षं आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड, आणि थोड्या झानॅक्स गोळ्या ही मिसडिमिनर, म्हणजे खालच्या वर्गातला गुन्हा. पण ग्रीन कार्डवाल्या माणसासाठी हे गणित उलटं होतं. नुसत्या दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यावरून सहसा देशाबाहेर काढत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००४ च्या लिओकाल खटल्यात तर अपघातात माणसं गंभीर जखमी झालेली असतानाही तो इमिग्रेशनच्या अर्थाने हिंसेचा गुन्हा धरता येणार नाही असं म्हटलं. ड्रगच्या गुन्ह्यात मात्र कायदा असा सरळ आहे की एकदा कन्व्हिक्शन झालं, म्हणजे दोषी ठरला, की माणूस काढून टाकण्याजोगा ठरतो, सूट आहे ती फक्त स्वतःसाठी ठेवलेल्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाच्या एकाच गुन्ह्याला. झानॅक्स त्यात बसत नाही. सहा गोळ्या असल्या तरी नाही.

आणि तो 'डिफर्ड' शब्द. टेक्सासमध्ये डिफर्ड ॲडज्युडिकेशन म्हणजे तुम्ही गुन्हा कबूल करायचा किंवा 'नो काँटेस्ट', म्हणजे आरोप लढवत नाही, म्हणायचं, मग जज निकाल थांबवून ठेवतो, ठरलेला काळ नीट पार पडला की स्टेटच्या लेखी कन्व्हिक्शन नाही. वकील खोटं बोलत नाहीये. पण फेडरल इमिग्रेशन कायद्यात कबुली अधिक जजने घातलेली कुठलीही अट किंवा शिक्षा म्हणजे कन्व्हिक्शनच, मग स्टेट त्याला काहीही म्हणो. म्हणजे ज्या कागदावर तुम्ही 'चला, हे तरी सुटलं' म्हणून सुटकेचा श्वास टाकणार, तोच कागद तुमच्या घरातला सगळ्यात धोक्याचा. म्हणून ताई, या आठवड्यातलं पहिलं काम हे की गुन्ह्यांचं इमिग्रेशनवर काय होतं यातच काम करणारा वेगळा वकील गाठा आणि गोळ्यांच्या केसवर सही होण्याआधी त्याचं मत लेखी घ्या. गोळ्यांची केस पूर्ण डिसमिस करून सगळी वाटाघाट डीडब्ल्यूआयवरच करता येईल का हे दोन्ही वकिलांना एकमेकांशी बोलायला लावून विचारा. संकोच करू नका, २०१० च्या पडिया खटल्यापासून सुप्रीम कोर्टाने हे क्रिमिनल वकिलाचं कर्तव्यच ठरवलंय की कबुलीने डिपोर्टेशन होऊ शकत असेल तर अशिलाला तसं सांगायचं. अजून एक विचारा. सिटिझनशिपच्या आधीच्या पाच वर्षांत १८० दिवस किंवा जास्त तुरुंगात काढले तर चांगल्या वर्तनाची अट अडते, मग उपचार केंद्रातले सहा महिने त्यात धरतील का? आणि प्रोबेशन चालू असेपर्यंत तो अर्ज मंजूर होत नाही हेही लक्षात असू द्या.

पंच्याहत्तरीचं तिकीट काढू नका. बेलवर असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय जाता येत नाहीच, पण परवानगी मिळाली तरी परत येताना एअरपोर्टवर ऑफिसरसमोर उघड्या केससकट उभं राहायचं असतं. शिवाय वारं कुठल्या दिशेने वाहतंय तेही बघा, डीडब्ल्यूआयलाच देशाबाहेर काढण्याचं कारण करायचं बिल २०२४ मध्ये अमेरिकन संसदेच्या एका सभागृहाने, हाउसने, पास केलं होतं. सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर नमस्कार करता येईल.

आता तुमचा प्रश्न, की कोणाला मारलं नाही मग एवढी शिक्षा कशाला.

मला तुमचा राग येत नाहीये, घरातलं माणूस असलं की असंच वाटतं. पण या वाक्यात एक गोष्ट धरून चाललोय आपण, की कोणी मेलं नाही ते त्यांच्यामुळे. तसं नाहीये, ते समोरून कोणी आलं नाही म्हणून. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कॅरी लाइटनर नावाची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालली होती आणि तिला उडवणारा माणूस आधी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला होता, दोनच दिवसांपूर्वी बेलवर सुटला होता. तिची आई कँडी लाइटनर, तिने मग 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना काढली आणि आज इथे जे कायदे आहेत त्यातले बरेचसे त्या आयांनी खेटे घालून घालून करून घेतलेत. तरीसुद्धा २०२२ मध्ये अमेरिकेत अशा अपघातांत १३,५२४ माणसं गेली. दिवसाला सदतीस. आणि 'इकडचे कायदे फार कडक' हेही तपासून बघा, टेक्सासची मर्यादा ०.०८ आहे म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, आपल्याकडे भारतात ती ३० मिलिग्रॅम आहे. इथला कायदा आकड्याने कडक नाही, इथे तो पकडतो आणि विसरत नाही, एवढाच फरक. मिस्टरांना वाटत होतं २०११ चं प्रकरण आता जुनं झालं, पण टेक्सासने दहा वर्षांची ती सवलत २००५ मध्येच काढून टाकलीय, दुसऱ्या स्टेटमधलंसुद्धा मोजतात.

मित्र ज्या रिफॉर्मची वाट बघायला सांगतायत तो बहुतेक २०१९ चा, पहिल्यांदाच पकडलेल्या आणि ०.१५ च्या खाली असलेल्या माणसाला डीडब्ल्यूआयमध्येही डिफर्ड मिळू शकतं असा तो बदल. तिसऱ्या वेळेला तो लागू नाही, त्यामुळे थांबून काही हाती लागणार नाही. त्याच वर्षी अजून एक चांगली गोष्ट झाली, २००३ पासून डीडब्ल्यूआयवाल्यांकडून दंडाच्या वर दरवर्षी हजार, पंधराशे, दोन हजार डॉलर असा सरचार्ज तीन वर्षं घ्यायचे आणि नाही भरला की लायसन्स बंद, त्यात दहा लाखांहून जास्त लोकांची लायसन्स गेली आणि लोक विनालायसन्स विनाइन्शुरन्स चालवतच राहिले, ती पद्धत बंद केली. दंड राहिला, पण एकदाच.

रिफॉर्म म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं सोडून देणं. पुण्यात २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण पोरं गेली आणि गाडी चालवणाऱ्या मुलाला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हापासून तर 'सुधारणा' हा शब्द ऐकला की डोकं फिरतं, माझंही फिरतं. पण टेक्सासमध्ये जे झालं ते वेगळं आहे आणि ते तुमच्या दारातच झालंय. २००७ मध्ये इथे अंदाज आला की पाच वर्षांत अजून सतरा हजार कैद्यांना जागा लागेल, खर्च साधारण दोन अब्ज डॉलर. तेव्हा जेरी मॅडन हे रिपब्लिकन आमदार आणि जॉन व्हिटमायर हे डेमोक्रॅट, म्हणजे आत्ताचे ह्यूस्टनचे मेयर, दोघांनी मिळून आकडेवारी काढली तर दिसलं की ढिगाने लोक नवीन गुन्हा करून नाही, प्रोबेशन मोडून आत येतायत आणि त्यातले कितीतरी व्यसनी, उपचाराच्या रांगेत थांबून थांबून पुन्हा पिऊन पकडलेले. मग नवीन तुरुंग न बांधता २४.१ कोटी डॉलर उपचारात घातले, त्यात खास डीडब्ल्यूआयच्या कैद्यांसाठी पाचशे बेडही होते. चार वर्षांनी, २०११ मध्ये, टेक्सासच्या इतिहासात पहिल्यांदा एक तुरुंग कायमचा बंद झाला. तो ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचा सेंट्रल युनिट.

तर सरकारी वकिलाने तुमच्यासमोर जो दुसरा पर्याय ठेवलाय तो त्याच विचारातून मोठा झालेला आहे. त्याला इथे 'सेफ-पी' म्हणतात, तुरुंग खात्याचंच केंद्र, कुलूपबंद, सहा महिने रोज गटात बसून बोलायचं, कामं करायची, स्वतःचं खोटं दुसऱ्यांसमोर उलगडायचं. नंतर काही काळ हाफवे हाउस, म्हणजे घरी जाण्याआधीचं देखरेखीतलं वसतिगृह, मग बाहेरून उपचार. आणि बेड मिळेपर्यंत काउंटी जेलमध्ये थांबावं लागतं ते वेगळं, त्याची मनाची तयारी ठेवा.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांना दोन वर्षं सोपी वाटतायत आणि हिशोबाने ते अगदीच चुकलेले नाहीत, चांगल्या वागणुकीचे दिवस धरून पाव शिक्षा झाली की पॅरोलचा विचार होऊ शकतो. प्रोबेशन पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, डीडब्ल्यूआयमध्ये ते मधेच लवकर संपवून मिळत नाही. महिन्याला फी, गाडीत फुंकायचं यंत्र (श्वासात दारू असली तर गाडी सुरूच होत नाही), कधीही टेस्ट, आणि मोडलं तर ठरलेली मूळ शिक्षा डोक्यावर आहेच. फेलनी दोन्हीकडे रेकॉर्डवर राहणार. हे सगळं खरं आहे. पण ताई, ते ज्याला अवघड म्हणतायत ते नीट ऐका. त्यांना कोठडी अवघड वाटत नाहीये, न पिता राहणं अवघड वाटतंय, तेही कोणीतरी बघत असताना. तुरुंगात त्यांना कोणी काही विचारणार नाही, पॅरोल मिळाला तर लवकर बाहेर येतील आणि गॅरेजचं तेच दार तसंच वर जाईल.

एकदा ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मी डीडब्ल्यूआय कोर्टात गेले होते. मला वाटलं होतं ओरडाआरडा असेल. जज एकेकाला पुढे बोलवत होत्या, नावाने, आणि विचारत होत्या, "आईचं ऑपरेशन झालं का? मीटिंगला गेलास का?" एका पोराचे शंभर दिवस झाले होते म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वकिलांनीसुद्धा. त्याच्यानंतर पन्नाशीचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात ऑफिसची बॅग. त्याची टेस्ट चुकली होती. तो म्हणाला ट्रॅफिक होतं. जज म्हणाल्या, मागच्या वेळीही ट्रॅफिक होतं. दोन दिवस. लगेच. शिपायाने तिथेच बॅग काढून घेऊन त्याच्या बायकोच्या हातात दिली, ती रडली नाही, बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली. नंतर पार्किंगमध्ये मला म्हणाली, आज निदान कुठे आहे ते तरी माहितीय.

दोन दिवस, दोन वर्षं नाही. पण त्याच दिवशी. साउथ डकोटामध्ये २००५ पासून हेच करतात, पुन्हा पुन्हा पकडलेल्या माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ येऊन फुंकून दाखवायचं, नाही आलास किंवा प्यालेला निघालास तर लगेच एक-दोन रात्री आत. रँड या संस्थेच्या अभ्यासात त्या काउंट्यांमध्ये पुन्हा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी निघालं आणि घरातल्या मारहाणीच्या अटकाही ९ टक्क्यांनी. व्यसनी माणसाला दोन वर्षांनंतरचं काही दिसत नाही हो, उद्याचं दिसतं.

त्यामुळे इमिग्रेशनचा वकील हो म्हणाला तर माझा कौल उपचाराच्या बाजूने आहे, स्पष्ट सांगते. पण सही त्यांची आहे. मनात नसताना रडून-भांडून सही करून घेतली तर पहिल्या महिन्यात मोडतील आणि खापर तुमच्यावर फुटेल. तुम्ही फक्त तुमचं काय ते सांगा, दोन्ही पर्यायांत तुम्ही काय कराल आणि काय करणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने असं सांगितलं होतं: भेटायला येईन, पोरीला आणेन, पण खोटं बोलणार नाही, ऑफिसला फोन करून 'ताप आलाय' म्हणणार नाही, आणि यंत्र बसल्याशिवाय घरातल्या कुठल्याच गाडीची किल्ली तुझ्या हातात देणार नाही. ते यंत्र तुमच्या गाडीतही बसवून घ्या, सवड मिळाली की माणूस दुसरी गाडी घेतो. फुंकायच्या आधी माउथवॉश वापरला तरी ते अडकतं, गाडी चालू असताना मधेच पुन्हा फुंकायला सांगतं, मुलगी मागे बसलेली असेल तर तिला हे आधी सांगून ठेवा.

मोठ्या वकिलाबद्दल. चांगला वकील हवाच, पोलिसांनी गाडी थांबवली ते कायदेशीर होतं का, रक्ताची तपासणी नीट झाली का हे बघायलाच पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे. पण घर गहाण टाकून 'काहीही करून सोडवा' यासाठी नको. २०१८ मध्ये तुम्ही तेच केलं होतं ना, असं पत्रातच आहे, आणि त्यानंतर घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

एक गोष्ट अगदी तातडीची. देवासमोर शपथ घालून एका दिवसात बंद, असं घरी करू नका. रोज पिणाऱ्या माणसाने, आणि त्यातून झानॅक्स घेणाऱ्याने, एकदम बंद केलं तर फिट्स येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरला दारू आणि गोळ्या दोन्ही खरं सांगून त्यांच्या देखरेखीखालीच. कुठे जायचं ते कळत नसेल तर १-८००-६६२-४३५७ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, नाव सांगावं लागत नाही. कोर्टाची तारीख येईपर्यंत उपचार सुरू झालेले असले तर जजलाही ते दिसतं, पण त्यासाठी म्हणून नका करू. आणि तुमच्यासाठी ॲल-ॲनॉनच्या मीटिंगा आहेत, व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या, ऑनलाइनही असतात. पहिल्या दिवशी काही बोलू नका, नुसतं ऐका.

सासूबाईंना तुम्हीच फोन करा, शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असते. त्यांना वाटतंय लपवलं की मुलगा वाचतो. त्यांना पुण्यातच मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन एकदा कोणाशी तरी बोलून यायला सांगा, १९८६ पासून ते लोक आपल्याच घरांतल्या आयांशी आपल्या भाषेत हे बोलतायत, तुमच्या तोंडून जे त्यांना लागेल ते तिथे ऐकताना लागणार नाही.

राहिली मुलगी. तिला सांगू की नको असं तुम्ही विचारलंय, पण ती टीव्ही बंद करून वर जाते म्हणजे तिला कळलेलंच आहे, फक्त घरात त्याला शब्द नाहीये. दोघांनी बसून सांगा, आणि सुरुवात बाबाने करायची. बाबाला दारूचा आजार आहे, त्याने पिऊन गाडी चालवली, ते चूक होतं, म्हणून कोर्ट शिक्षा देणार आहे, तू काही केल्याने झालेलं नाही आणि तू काही केल्याने थांबणारही नाही. एवढंच. ती कदाचित काही बोलणार नाही, कदाचित विचारेल की शाळेत काय सांगू. तेव्हा तिला म्हणा, तुला ज्या मैत्रिणीला सांगावंसं वाटतं तिला सांग. आणि बाबा कधी येणार असं विचारलं तर लवकर येईल म्हणू नका, वकिलाकडून तारीख घ्या आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिलाच लिहू द्या.